बाळंतपणाची रजा आणि बाबासाहेब

बाबासाहेब म्हटलं की चवदार तळं आणि घटना आठवते. पण मजूर बाईच्या बाळंतपणासाठी ते कायदेमंडळात उभे राहिले, हे आपल्या वस्तीत पुष्कळांना माहीत नाही. आम्ही गिरणी कामगार, म्हणून तेवढंच सांगतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. लहानपणीच आई भीमाबाई वारल्या. आत्या मीराबाईंनी सांभाळलं. पुढे परदेशी शिकून आले तरी परळच्या चाळीत राहिले. कामगाराचं घर त्यांनी जवळून पाहिलं.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीला भत्ता देण्याचं बिल आलं. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं की आई-मुलाची काळजी हे मुळात सरकारचं काम आहे. मालकालाही बाईच्या श्रमाचा फायदा होतो, म्हणून त्यानेही वाटा उचलावा. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला.

१९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूतीभत्त्याच्या कायद्यात दुरुस्ती केली. त्याच साली युद्धाला कोळसा पाहिजे म्हणून बायांना जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी सरकारने उठवली, आणि सभेत तिचं समर्थन बाबासाहेबांनाच करावं लागलं. हे आम्ही लपवत नाही. मात्र बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हे तत्त्व त्यांनी तिथे ठासून मांडलं. १९४६ मध्ये बंदी परत आली.

१९५० च्या घटनेत सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष भेद नको असं कलम १६ सांगतं. कलम १५ स्त्रियांसाठी खास तरतुदीची मुभा देतं. समान कामाला समान वेतन ही शासनाची दिशा कलम ३९ ठरवतं.

हिंदू कोड बिल मात्र अडवलं गेलं. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यात हे एक मोठं कारण होतं. त्यातले कायदे १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्याने झाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळायला २००५ साल उजाडलं. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

बंधू-भगिनींनो, कायदा कागदावर आहे. पण आपण घरी पोरीचा हिस्सा देतो का? विहाराच्या कमिटीत बायांना बसवतो का? सरकारला जाब विचारायचा तर आधी आपलं घर नीट करू.

जय भीम!