जाळीआडची ज्योत

१९८९ सालची गोष्ट. मी तेव्हा बँकेच्या एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. रंग आणि थिनर तयार करणाऱ्या एका छोट्या कारखानदाराचा अर्ज माझ्या टेबलावर आला. यंत्रे, टाक्या, शेड या सगळ्यांची अंदाजपत्रके ठाकठीक होती. फक्त दिव्यांच्या खर्चापाशी माझी लाल पेन्सिल अडली. साध्या दिव्यांच्या कितीतरी पट किमतीचे दिवे या गृहस्थांना कशाला हवेत? वीज तीच, उजेडही तोच. मी ती रक्कम सरळ खोडली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला साहेबच म्हणत. पिशवीतून त्यांनी ओतीव धातूचा एक जाडजूड दिवा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे समजावून सांगितले. थिनरची वाफ हवेत मिसळली की बटणाची एक ठिणगीसुद्धा पुरते. या दिव्यात वाफ शिरतच नाही, असे नव्हे. ती शिरते, आत भडकाही उडू शकतो. पण कवच फुटत नाही, आणि तापलेला वायू झाकणाच्या सांध्यातल्या अगदी अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत इतका निवतो, की बाहेरची वाफ पेटत नाही. बाजारात याला फ्लेमप्रूफ म्हणतात. जाता जाता ते म्हणाले, की ही अक्कल आपली नव्हे, हम्फ्री डेव्हीची.

मी खोडलेली रक्कम पुन्हा लिहिली. डेव्हीचे नाव शाळेत सुरक्षादीपाच्या धड्यात ऐकले होते, तेवढेच. त्या आठवड्यात वाचनालयातून त्याचे चरित्र आणले, आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या मनात मुक्कामालाच आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात पेन्झान्स नावाचे बंदर आहे. तिथे १७ डिसेंबर १७७८ रोजी हम्फ्रीचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ साली ते वारले ते कर्ज मागे ठेवून. आईने बायकांच्या टोप्यांचे दुकान चालवून पाच मुलांचा संसार ओढला. थोरला हम्फ्री गावातल्या एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. औषधे कुटता कुटता त्याला रसायनशास्त्राचे वेड लागले. विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही.

१७९८ मध्ये तो ब्रिस्टलला डॉ. बेडोज यांच्या संस्थेत गेला. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तिथे तपासले जात होते. डेव्ही वायू आधी स्वतःवरच तपासायचा. एकदा कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगून तो मरता मरता वाचला. नायट्रस ऑक्साइडने, म्हणजे हसवणाऱ्या वायूने, वेदना शमतात आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्याने १८०० सालच्या ग्रंथात लिहून ठेवले. ते प्रत्यक्षात यायला आणखी चाळीसेक वर्षे जावी लागली.

१८०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो रुजू झाला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याची व्याख्याने ऐकायला उमराव घराण्यांतले स्त्रीपुरुष गर्दी करीत. विजेच्या प्रवाहाने पदार्थ फोडून त्याने १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम, तर पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे केले. १८१२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि एका श्रीमंत विधवेशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याच्या डोळ्याला इजा झाली. पुढच्या वर्षी त्याने मदतनीस म्हणून मायकेल फॅरेडे या बुकबाइंडरकडे काम शिकलेल्या तरुणाला घेतले.

डेव्ही असा कीर्तीच्या शिखरावर चढत असताना, इंग्लंडच्या ईशान्येकडे कोळशाच्या खाणींत माणसे जळून मरत होती. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू निघतो. हवेत शंभरात साधारण पाच ते पंधरा भाग इतका तो मिसळला, की उघडी ज्योत लागताच स्फोट होतो. आणि जमिनीखालच्या त्या काळोखात उजेडासाठी मेणबत्तीशिवाय कामगाराजवळ होते तरी काय? २५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत स्फोट झाला आणि ९२ जण मेले. त्यांत कोवळी पोरेही होती. आतली आग विझावी म्हणून खाणीचे तोंडच बंद करावे लागले. घरच्यांना प्रेते मिळायला कित्येक आठवडे लागले.

या दुर्घटनेनंतर तिथल्या पाद्री, डॉक्टर मंडळींनी सुरक्षिततेसाठी एक समिती स्थापन केली. समितीच्या विनंतीवरून डेव्ही ऑगस्ट १८१५ मध्ये खाणींच्या मुलखात गेला, जॉन बडल या जाणत्या खाण-व्यवस्थापकाशी बोलला आणि वायूचे नमुने मागवून लंडनला कामाला लागला. फॅरेडे मदतीला होताच.

त्याच्या ध्यानात आलेली गोष्ट साधी होती. अरुंद धातूच्या नळीतून स्फोटाची ज्वाला पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो. मग पुष्कळ नळ्या अगदी आखूड करून शेजारी शेजारी मांडल्या तर? तारेची जाळीच की! शाळेत बर्नरवर जाळी धरली, की ज्योत खालीच चपटी होऊन राहते, वर येत नाही. तेच हे. एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेल्या जाळीचा दंडगोल त्याने ज्योतीभोवती बसवला. हवा आत येते, उजेड बाहेर जातो, आग मात्र आतच राहते. शिवाय हवेत मिथेन वाढला, की ज्योतीवर निळसर टोपी दिसते आणि कामगाराला इशारा मिळतो. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत हा दिवा प्रथम वापरून पाहिला गेला.

पेटंट घेतलेत तर वर्षाला पाच-दहा हजार पौंड सहज मिळतील, असे बडलने सुचवले. डेव्हीने साफ नकार दिला. माणसांचे जीव वाचवण्याचे साधन त्याला विकायचे नव्हते. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला या नकाराची किंमत जरा जास्तच कळते.

पण पैशावर पाणी सोडणाऱ्या या माणसाला श्रेयावर मात्र सोडता आले नाही. सुंदरलंडच्या डॉ. क्लॅनी यांनी १८१३ मध्येच एक सुरक्षित दिवा तयार केला होता. किलिंगवर्थ खाणीतला जॉर्ज स्टीफन्सन, तोच पुढे रेल्वेमुळे जगाला ठाऊक झालेला, ऑक्टोबर १८१५ मध्ये स्वतःचा दिवा घेऊन वायू असलेल्या जागी उतरला होता. अठराव्या वर्षापर्यंत ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, असा कामगार हे करू शकतो, यावर डेव्हीचा विश्वासच बसेना. तो स्वतःही कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा होता, हे तो विसरला. १८१७ मध्ये खाणमालकांनी डेव्हीला चांदीच्या भांड्यांचा संच भेट दिला, तर स्टीफन्सनच्या पाठीराख्यांनी त्याच्यासाठी एक हजार पौंड जमवले. आज दोघांनीही स्वतंत्रपणे काम केले, असेच मानले जाते. डेव्ही १८२० मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पण १८२४ मध्ये फॅरेडेला सदस्यत्व देण्याची वेळ आली, तेव्हा त्याने विरोध केला. शेवटची वर्षे आजारपणात आणि प्रवासात गेली. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याच्या दिव्याचे पुढे काय झाले, हे मला जास्त अस्वस्थ करते. नॉर्दंबरलंड आणि डरहॅम या दोन परगण्यांत दिवा येण्यापूर्वीच्या अठरा वर्षांत ४४७ माणसे खाणअपघातांत मेली होती. नंतरच्या अठरा वर्षांत मेली ५३८. हे आकडे १८३५ सालच्या संसदीय चौकशीतले आहेत. दिवा खोटा नव्हता. पण तो आहे म्हटल्यावर मालकांनी पूर्वी धोक्याच्या म्हणून सोडलेल्या जागा पुन्हा उकरायला घेतल्या आणि ताजी हवा खेळवण्याच्या खर्चात हात आखडला. जाळीमुळे उजेड मंद पडे, म्हणून कामगार ती काढून ठेवत. जाळी फाटली, लालबुंद तापली किंवा वाऱ्याचा जोरदार झोत आला, तर ज्वाला बाहेर येई. जोराच्या झोताचा धोका डेव्हीने स्वतःच सांगितला होता.

आता त्या थिनरच्या कारखान्याकडे पुन्हा येतो. दोन-तीन वर्षांनी मी तपासणीला गेलो. दिवे कागदोपत्री होते तसेच होते. पण डेव्ही वाचलेला असल्यामुळे मी मान वर करून नीट पाहिले. एका दिव्याच्या झाकणाचे दोन बोल्ट जागेवर नव्हते. बल्ब बदलणाऱ्या नव्या पोराने ते लावलेच नव्हते. ज्यांनी मला धडा दिला, त्या मालकांचा चेहरा पडला. त्यांनी तत्काळ तिथले काम थांबवले, मुख्य स्विच बंद करायला लावला आणि बोल्ट बसेपर्यंत स्वतः दारात उभे राहिले.

तेव्हाच त्यांच्याकडून बाकीचे शिकलो. स्फोटक वाफ जिथे कायमच असते, जिथे काम चालू असताना येऊ शकते आणि जिथे फक्त बिघाड झाला तरच येते, अशा तीन भागांत आधी जागा वाटायची आणि मगच दिवा निवडायचा. पहिल्या प्रकारच्या जागेत हा फ्लेमप्रूफ दिवासुद्धा चालत नाही. दिव्याचे अंग किती तापते, हेही त्या वाफेच्या मानाने पाहायचे. वायर जिथून आत जाते, तिथला ग्लँडही त्याच जातीचा हवा. सांध्यावर रंग चढू द्यायचा नाही आणि एकही बोल्ट कमी चालत नाही. आपल्याकडे अशा उपकरणांची चाचणी धनबादच्या केंद्रीय संस्थेत होते. धनबाद म्हणजे पुन्हा कोळशाचाच मुलूख. याच कोळसापट्ट्यातल्या धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी स्फोट होऊन २६८ कामगार मेले होते.

डेव्हीच्या मृत्यूनंतर ती चांदीची भांडी रॉयल सोसायटीकडे आली, वितळवली गेली आणि त्यातून रसायनशास्त्रासाठी डेव्ही पदक सुरू झाले. १८७७ पासून ते दिले जाते. ती भांडी त्याला मिळालेला मान होता. पण बँकेतल्या माझ्या टेबलावर ठेवलेला तो जड दिवा पाहून मला वाटते, की त्याची खरी ठेव ती जाळी आहे. फक्त ती ठेव एकदा ठेवून विसरता येत नाही. रोज कुणीतरी मान वर करून तिच्याकडे पाहावे लागते. मी तर पाहण्याआधीच तिच्यावर लाल पेन्सिल फिरवली होती.