मुक्तांगणच्या डॉ. अनिता अवचट

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या दिशेने जाताना डाव्या हाताला धायरी फाटा लागतो. एके काळचे हे शेतीचे गाव. पुढे नऱ्हे-धायरी परिसरात लहानमोठी वर्कशॉप उभी राहिली, कामाच्या शोधात ठिकठिकाणची कुटुंबे येऊन वसली, इमारती वाढल्या आणि २०१७ साली गावाचा उरलेला भागही पुणे महापालिकेत समाविष्ट झाला. अशा वस्तीत घरातील कमावता माणूस दारूच्या अथवा अन्य नशेच्या आहारी गेला, म्हणजे घरच्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. त्याला उपचारासाठी न्यायचे कोठे, आणि त्यासाठी पैसा आणायचा कोठून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेजारीपाजारी कोणी ना कोणी देतो. दुसऱ्याचे सहसा कोणी देत नाही. मग दागिना मोडायचा किंवा गप्प बसायचे, एवढेच मार्ग उरतात. दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूचे अवलंबित्व जडलेल्या ३८ व्यक्तींमागे एकीलाच कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे आढळले. दाखल होऊन उपचार घेतलेली व्यक्ती तर १८० मागे एक.

ह्या दोन्ही प्रश्नांना पुण्यातच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, येरवड्यात एका स्त्रीने उत्तर शोधले. डॉ. अनिता अवचट यांना जाऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. मुक्तांगण हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. मात्र त्या नावामागील ह्या डॉक्टर बाईंची ओळख नव्या पिढीला तितकीशी नाही. त्यांचे पती, ख्यातनाम लेखक अनिल अवचट, आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख सुनंदा असा करीत. त्यामुळे अनेक वाचक त्यांना त्याच नावाने ओळखतात.

अनिल आणि अनिता, दोघेही पेशाने डॉक्टर. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचे शिक्षण झाले. पुढे मात्र वाटा निराळ्या झाल्या. अनिल यांनी वैद्यकी बाजूला ठेवून पत्रकारिता आणि समाजातील उपेक्षितांविषयीचे लेखन पत्करले. अनिता यांनी मानसोपचाराचे शिक्षण घेऊन येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी धरली. घर चालत होते ते प्रामुख्याने त्यांच्या पगारावर. मुक्ता आणि यशोदा ह्या दोन्ही मुलींचे संगोपन, स्वयंपाकपाणी ह्यांत पतीचा वाटा मोठा होता. मुली महापालिकेच्या मराठी शाळेत शिकल्या. त्या काळी, आणि खरे तर आजही, डॉक्टर दांपत्याच्या घरात अशी व्यवस्था विरळाच. येथे ती मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की मुक्तांगणच्या उभारणीत लागलेल्या पैशाचा हिशेब मांडायचा झाला तर त्याची पहिली ओळ ह्या सरकारी पगाराची आहे. तो घरात येत होता म्हणून एक लेखक महिनोन् महिने एकेका विषयाच्या मागे हिंडू शकला.

येरवड्याचे मनोरुग्णालय म्हणजे अडीच हजारांहून अधिक खाटांची अवाढव्य संस्था. तेथे काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला मानवी दुःखाचे असे रूप रोज पाहावे लागते की मन बधिर व्हावे. अनिताताईंचे तसे झाले नाही. रुग्णाशी बोलणे, त्याचे ऐकून घेणे, हे त्यांच्या उपचाराचे पहिले साधन राहिले.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात ब्राउन शुगर आली. हेरॉईनचा हा अशुद्ध प्रकार आपल्याकडे गर्द ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. चांदीच्या कागदावर पूड ठेवून खालून उष्णता द्यायची आणि धूर ओढायचा. थोड्याच दिवसांत शरीर त्याचे गुलाम होते आणि पूड मिळाली नाही की अंग मोडून येणे, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, झोप उडणे असा छळ सुरू होतो. गर्दुल्ल्यांच्या भाषेत त्याला टर्की म्हणत. कोवळ्या वयाची मुले घरातील भांडीकुंडी विकू लागली. केंद्र सरकारने १९८५ साली अमली पदार्थविरोधी कठोर कायदा केला, परंतु पकडलेल्या विक्रेत्याचे काय करायचे हे जितके कायद्यात स्पष्ट होते, तितके आधीच जाळ्यात अडकलेल्या मुलाचे काय करायचे हे नव्हते. आईबाप त्याला मनोरुग्णालयात आणत. तेथे वेड्यांच्या वॉर्डात त्याला ठेवावे, तर तो वेडा नाही. घरी पाठवावे, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नशा.

ह्याच सुमारास अनिल अवचट यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले, ते ह्या मुलांसाठी उपचारकेंद्र उभे राहावे म्हणून. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. लेखकाने लिहावे, वाचकाने हळहळावे आणि तेथेच सारे थांबावे, हा नेहमीचा क्रम येथे मोडला. परंतु पैसा हाती आल्याने केंद्र चालत नाही. ते चालवण्याची जबाबदारी स्वीकारली अनिताताईंनी. मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

नावाप्रमाणेच तेथील रीत होती. व्यसनी माणसाला कोंडावे, बांधावे, चोप द्यावा म्हणजे तो सुधारतो, ही समजूत तेव्हा सार्वत्रिक होती आणि काही खासगी केंद्रांतून ती अजूनही गेलेली नाही. अनिताताईंनी ती मुळातच नाकारली. व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाला शिक्षा करीत नाहीत, इतकी साधी ही भूमिका होती. तिचा अर्थ लाड करणे असा मात्र नव्हता. तेथे दाखल झालेल्याने पहाटे उठायचे, झाडलोट करायची, स्वयंपाकघरात हात लावायचा, योगासने करायची, गटात बसून आपल्या आयुष्याबद्दल बोलायचे. मुक्काम पस्तीस दिवसांचा.

हे पस्तीस दिवस का, असे पुष्कळ नातेवाईक विचारतात, कारण तेवढे दिवस मजुरी बुडते. कारण वैद्यकीय आहे. दीर्घकाळ पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर हातांना कंप सुटतो, फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून घरी दार लावून दारू सोडवण्याचा प्रयोग धोक्याचा. पहिला आठवडा-दहा दिवस औषधे, जीवनसत्त्वे आणि देखरेख ह्यांत जातो. त्यानंतर डोके ताळ्यावर येते आणि खरे काम सुरू होते. ज्यांना आठव्या दिवशी रुग्ण बरा दिसतो आणि जे त्याला घेऊन जातात, त्यांचे पैसे बहुतेक वाया जातात, हे स्पष्टच सांगावयास हवे.

अनिताताईंनी केलेली दुसरी गोष्ट त्याहून दूरगामी ठरली. व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते केले. ज्याने स्वतः टर्की भोगली आहे त्याच्यापुढे नवा रुग्ण थापा मारू शकत नाही, आणि त्याच्याकडे पाहून आपणही सुटू शकू असा धीर त्याला येतो. ह्यात एक व्यावहारिक शहाणपणही होते. समाज ज्याला नोकरी द्यायला तयार नाही, त्याला काम मिळाले. पत्नीलाही त्यांनी उपचारात ओढले. वर्षानुवर्षे मार खाल्लेली, कर्ज फेडणारी, शेजाऱ्यांपासून सारे लपवणारी ही स्त्री स्वतः आजारी झालेली असते. अशा स्त्रियांनी एकत्र बसून बोलावे म्हणून सहचरी नावाची बैठक भरू लागली.

आता पैशाविषयी. ज्याला झेपते त्याने शुल्क द्यावे, ज्याला झेपत नाही त्याला सवलत मिळावी, आणि केवळ पैसा नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नये, ही मुक्तांगणची धारणा प्रारंभापासूनची. ती पाळायची तर तूट कोणीतरी भरून काढावी लागते. ती भरली देणगीदारांनी आणि केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानाने. अशा अनुदानित केंद्रांची साखळी आज देशभर आहे. धायरीच्या कुटुंबाने खासगी जाहिरातींच्या मागे धावण्याआधी मंत्रालयाच्या १४४४६ ह्या विनाशुल्क दूरध्वनी क्रमांकावर जवळचे अनुदानित केंद्र विचारावे. शासकीय रुग्णालयांतील मानसोपचार विभागात अल्प खर्चात तपासणी होते. कोणत्याही केंद्रात दाखल करण्याआधी त्याची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे काय, डॉक्टर रोज येतात काय, औषधे व तपासण्यांचा खर्च शुल्कात धरला आहे काय आणि रुग्ण मध्येच निघून गेल्यास पैशाचे काय होते, हे विचारून घ्यावे, जमल्यास लेखी घ्यावे. नातेवाइकांना भेटू न देणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली आहे.

विम्याच्या बाबतीत पुष्कळांची फसगत होते. ह्याच कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारांत धरल्या आणि मानसिक आजारांना इतर आजारांप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे असे म्हटले. परंतु विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींच्या यादीत व्यसनांवरील उपचारांचे कलम आहे आणि पुष्कळ पॉलिसींत ते छापलेले असते. एका हाताने द्यावे व दुसऱ्याने काढून घ्यावे असाच हा प्रकार. तेव्हा विम्याच्या भरवशावर दाखल करण्यापूर्वी पॉलिसीतील वगळलेल्या बाबी वाचाव्यात.

एक मार्ग मात्र पूर्णतः विनाशुल्क आहे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ जन्मली आणि १९५७ साली ती मुंबईत आली. तिच्या सभांना फी नसते. सदस्य स्वेच्छेने थोडीफार वर्गणी टाकतात, आणि चर्चच्या शाळा वा सभागृहांतून ह्या सभा भरत असल्याचे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मुक्तांगणच्याही आधी, १९८१ साली, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. ते पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, त्यामुळे कृपाच्या उपचारात योगासनांना मोठे स्थान मिळाले. वांद्रे आणि येरवडा येथील कामांची पार्श्वभूमी निराळी, तरी व्यसनी माणसाला माणूस मानण्यात दोन्हीकडे फरक नव्हता.

उपचारानंतर माणूस पुन्हा व्यसनाकडे वळतो, हे मुक्तांगणमध्येही घडे आणि पुष्कळदा घडे. अशा वेळी घरचे संतापतात, आधीचा खर्च पाण्यात गेला असे त्यांना वाटते. अनिताताईंच्या केंद्रात परत आलेल्याला पुन्हा दार उघडे असे. मधुमेहाची साखर दुसऱ्यांदा वाढली म्हणून कोणी डॉक्टर रुग्णाला हाकलून देत नाही. म्हणूनच दाखल होण्याच्या खर्चाबरोबरच पुढच्या पाठपुराव्याच्या फेऱ्यांचा, धायरीहून येरवड्यापर्यंतच्या प्रवासाचा आणि त्या त्या दिवशी बुडणाऱ्या रोजगाराचा विचार कुटुंबाने आधीच करून ठेवलेला बरा. पस्तीस दिवसांची बुडालेली मजुरी ही रोजंदारीवरील घराला केंद्राच्या शुल्काहून जड जाऊ शकते. नातेवाईक, मालक किंवा वस्तीतील मंडळी हातभार लावू इच्छीत असतील, तर तो ह्या दिवसांतील किराण्यासाठी आणि मुलांच्या फीसाठी लावावा.

केंद्र रुजत असतानाच अनिताताईंना स्तनाच्या कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि त्यांचे त्रास सोसत त्यांनी पुढची वर्षे काढली आणि ह्या काळातही मुक्तांगणशी असलेले नाते सुटू दिले नाही. आजवर दुसऱ्यांच्या आजारपणाचा भार वाहणाऱ्या ह्या स्त्रीची शुश्रूषा पतीने मनोभावे केली. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

संस्था एका व्यक्तीवर उभी असली की ती व्यक्ती गेल्यावर कोसळते, असा आपल्याकडचा अनुभव. मुक्तांगण टिकले, कारण ते चालवणारी माणसे अनिताताईंनी रुग्णांमधूनच घडवली होती. मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेली त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ह्यांनी पुढे संस्थेची धुरा घेतली. मनोरुग्णालयाच्या आवारातून केंद्र येरवड्यातच स्वतःच्या इमारतीत गेले, केंद्र सरकारने इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचे काम त्याच्याकडे सोपवले आणि व्यसनाधीन स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग निघाला. पुरुष व्यसनी असेल तर बायको त्याला केंद्रात आणते. बाई व्यसनी असेल तर तिला आणायला सहसा कोणी येत नाही, म्हणून ह्या विभागाची निकड अधिक. २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट हेही निवर्तले. अनिताताईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ मुक्तांगणतर्फे फेब्रुवारीत पुरस्कार दिले जातात, ते प्रतिकूलतेशी झगडत समाजासाठी काम करणाऱ्या व्यक्तींना.