पालवणकर बाळू

मुलांनो, गल्लीत थोडी मोकळी जागा दिसली, की तुम्ही तीन विटा रचता, फळकुटाची बॅट करता आणि क्रिकेट सुरू करता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात दोन भाऊ असेच खेळत असत. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले जुने चेंडू आणि मोडक्या बॅटी त्यांना मिळत. त्यांतल्या थोरल्याचे नाव बाळू, धाकट्याचे शिवराम. टाकलेल्या सामानाशी खेळता खेळता बाळूला या खेळाची जी गोडी लागली, ती जन्मभर सुटली नाही.

बाळूचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. त्याचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. ते चर्मकार समाजाचे होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. लोक त्यांच्या हातचे पाणी पीत नसत. पुढे काय घडले ते समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवा.

घरची गरिबी होती. बाळूला पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात नोकरी मिळाली. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. कधीकधी सभासद त्याला चेंडू टाकायला सांगत. पुढे १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात लागला. तिथे पगार ४ रुपये. सरावाची जाळी उभारायची, टेनिसच्या मैदानावर रेषा आखायच्या, खेळपट्टी नीट ठेवायची, अशी त्याची कामे होती. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्याला गोलंदाजी करायला लावले. बाळू डावऱ्या हाताने संथ, वळणारे चेंडू टाकी. साहेब लोक तासन् तास फलंदाजी करीत आणि बाळू चेंडू टाकीत राही. त्याच्या हाती बॅट मात्र कोणी देत नसे. फलंदाजी साहेबांनी करायची आणि घाम नोकराने गाळायचा, अशीच तिथली रीत होती!

त्या क्लबात ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. तो इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केले, की ग्रेग बाळूला दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. महिना ४ रुपये पगार असणाऱ्या मुलाला आठ आणे म्हणजे केवढी मोठी रक्कम, त्याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

बाळूची कीर्ती गावात पसरली. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. पण बाळूला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. शेवटी त्याला घेतले. मैदानावर सारे जण त्याच्याच हातातला चेंडू झेलत. चहाची वेळ झाली, की मात्र बाळूला मंडपाबाहेर बसवून मातीच्या भांड्यात वेगळा चहा देत. जेवणाचे पानही वेगळे. एकच चेंडू अकरा जणांच्या हातांतून फिरतो आणि चहाचे भांडे तेवढे विटाळते, हे मला आजही कोडेच वाटते.

एकदा साताऱ्याच्या गोऱ्या संघाने बाळूच्या धास्तीने आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली. चेंडू वळूच नये, हा हेतू. पण जो स्वतः रोलर ओढत वाढला, त्याला खेळपट्टी काय फसवणार? बाळूने ७ गडी बाद केले.

पुढे प्लेगमुळे तो मुंबईला गेला. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते, आणि दुसऱ्या डावात बाळूने ५ बळी घेतले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाने पुष्कळ सामने गमावले, पण बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ बळी मिळवले. आता त्यांना 'अरे बाळू' म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती! त्यांच्या समाजातील तरुणांना त्यांचा अभिमान वाटे. तरुणपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि बाळू हरले. तो वेगळाच इतिहास आहे.

इतके बळी घेऊनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली. कर्णधार बदलत राहिले, बाळू चेंडू टाकीत राहिले. तोवर त्यांचे धाकटे भाऊ गणपत आणि विठ्ठल हेही मैदानात उतरले होते. विठ्ठल उत्तम फलंदाज होता. ज्या घरातल्या मुलाला बॅट धरू देत नसत, त्याच घरातला हा फलंदाज! अखेर १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठलला मिळाले आणि त्या वर्षीची स्पर्धा त्याच्या संघाने जिंकली.

बाळूंचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते. त्यानंतर ते पुष्कळ जगले. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.