डॉ. जॉन विल्सन : विद्यार्थी गेले, बायबलचा तास राहिला

मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर उभी असलेली विल्सन महाविद्यालयाची इमारत १८८९ सालची आहे. ज्यांचे नाव ती धारण करते, ते डॉ. जॉन विल्सन त्याआधी चौदा वर्षे निवर्तले होते. ख्रिस्ती महाविद्यालय हे आधी धर्मपीठ की आधी विद्यापीठ, या प्रश्नाची झळ मात्र त्यांनी हयातीतच सोसली.

विल्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील लॉडर येथे ११ डिसेंबर १८०४ रोजी झाला. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण घेऊन पत्नी मार्गारेट यांच्यासह ते फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले. कोकणात हर्णै आणि बाणकोट येथे राहून ते मराठी शिकले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरील त्यांची टिपणे जोडलेली आहेत. मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१८३२ मध्ये विल्सन यांनी इंग्रजी शाळा सुरू केली. याच काळात मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर धर्मवाद झाला. त्यामुळे या शिक्षकाचा हेतू शहरात कोणापासून लपलेला नव्हता. एल्फिन्स्टनच्या वर्गांत धर्म शिकवला जात नसे. विल्सन यांच्याकडे भाषा आणि शास्त्रांबरोबर बायबलही शिकवले जाई. तरीही हिंदू आणि पारशी पालक मुलांना पाठवीत. इंग्रजी विद्या हवी होती आणि मुलगा बाटणार नाही, असा भरवसा होता.

मे १८३९ मध्ये तो भरवसा तुटला. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. धनजीभाई स्वतःचा निर्णय घेण्याइतके जाणते ठरले, पण शाळेतील वर्ग ओस पडले. धर्मशिक्षण वगळले असते, तर विद्यार्थी परतले असते. विल्सन यांनी ते वगळले नाही. त्यांच्या मते धर्म काढून घेतलेले शिक्षण अपुरे होते, आणि हेतू झाकून मुले गोळा करणे ही पालकांची फसवणूक होती.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, विल्सन परदेशी असताना याहून बिकट प्रसंग आला. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे कसे? बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घेण्याचा पक्ष धरला, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. मिशनला आत्मा हवा होता, बापाला मुलगा हवा होता, जातीला शुद्धता हवी होती. या ओढाताणीत श्रीपतला काय हवे होते, हे विचारण्याची सवड फार थोड्यांना होती. विल्सन यांच्या प्रामाणिकपणाचे मोल त्यांनी स्वतः विद्यार्थी गमावून चुकवले, हे खरे. पण त्या मोलाचा मोठा वाटा या मुलांनी आणि त्यांच्या घरांनी उचलला.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि संस्थेची इमारत त्यांना सोडावी लागली. १८४७ मध्ये परतल्यावर त्यांनी विस्कटलेली घडी पुन्हा बसवली. पालकही हळूहळू परतले, तेही हेतू ठाऊक असताना. नारायण शेषाद्री यांनी पुढे हैदराबाद संस्थानातील जालना येथे मिशनकार्य उभारले.

पारशी धर्मावर कठोर टीका करणारे विल्सन त्याच धर्माच्या ग्रंथांचे गाढे अभ्यासक होते. गिरनारच्या अशोकलेखांच्या वाचनासाठी जेम्स प्रिन्सेप यांना त्यांनी साहाय्य केले. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

बाप्तिस्म्यांच्या संख्येने मोजायचे, तर विल्सन यांच्या संस्थेचे यश अल्पच ठरते. तिने घडवलेली बहुसंख्य मुले आपापल्या धर्मातच राहिली, इंग्रजी आणि शास्त्रे शिकली, आणि बायबलचा तासही त्यांनी ऐकला. विल्सन यांना हे यश पुरेसे वाटले नसते. पालकांना मात्र नेमके हेच हवे होते, आणि त्यांच्या या निवडीवरच ते महाविद्यालय तगले.