फिलाडेल्फियातली पहिली थंडी

आनंदीबाई जोशी म्हटले की आपल्याला दोन चित्रे आठवतात. नवऱ्याच्या धाकाने धडे गिरवणारी नऊ वर्षांची नवरी हे एक, आणि डॉक्टर होऊन परतलेली, अंथरुणाला खिळलेली तरुणी हे दुसरे. मधली तीन वर्षे आपण एका वाक्यात उरकतो: अमेरिकेला गेल्या आणि एम. डी. झाल्या. पण परक्या गावात, परक्या कॉलेजात एकट्या मुलीने बिऱ्हाड कसे थाटले, हे कोणी विचारत नाही. खरी कसोटी तिथेच होती.

कल्याणच्या जोशांची ही यमुना, जन्म 1865चा. पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळरावांशी लग्न झाल्यावर ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. डॉक्टर व्हायचे मनात आले ते तेव्हापासून. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना वाचले आणि आनंदीबाईंना पत्र टाकले. असा हा ऋणानुबंध!

निघण्याआधी 24 फेब्रुवारी 1883 रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला आनंदीबाईंनी जाहीर सभेत भाषण केले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द त्यांनी दिला. बोलायला सोपा, पण पुढे रोजच्या जेवणाशी आणि नेसण्याशी गाठ घालणारा. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा कार्पेंटरबाईंच्या घरी मायेत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

ऑक्टोबरात मात्र मावशीचे घर सोडून फिलाडेल्फियाला जावे लागले. तिथले स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज 1850 साली निघालेले. डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची मदत मंजूर केली. अठरा वर्षांच्या आनंदीबाईंना राहायला खोली मिळाली, पण तिच्यातली भिंतीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर कोंडायचा; विझवली की गारठा. थंडी सोसायची की धूर, एवढीच काय ती निवड. छातीच्या दुखण्याने ज्यांचा पुढे अंत झाला त्यांच्या नशिबी अशी खोली यावी, हे वाचताना आजही जीव कळवळतो.

मग प्रश्न आला लुगड्याचा. नऊवारी नेसले की पोटऱ्या आणि कंबर उघडी राहणार; तिथल्या बर्फात ते कसे चालावे? युरोपियन झगा घालणे सोपे होते, पण मग दिलेल्या शब्दाचे काय? पुष्कळ विचारांती आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीचे पातळ पत्करले. पाय घोट्यापर्यंत झाकले जात, आत परकर घालता येई आणि लुगडे सोडले असेही होत नसे. आपल्या आज्या-पणज्यांना या तोडग्यातली हुशारी चटकन कळली असती. जेवणातही तेच. मांसाहार नाही, म्हणजे दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदन झाल्यावर स्वतःचे शिजवून घ्यायचे. अभ्यासाच्या ताणात कधी पोटभर, कधी अर्धपोटी.

आणि या प्रत्येक गोष्टीचा हिशेब घरी द्यायचा. पत्र पोचायला आठवडे लागत. गोपाळरावांनीच हट्टाने शिकवले, त्यांनीच धाडले. पण बायको दूर गेल्यावर त्यांच्या पत्रांतून संशय आणि टोमणे येऊ लागले. आनंदीबाईंनी रडगाणे गायले नाही. नम्रपणेच, पण लहानपणी सोसलेल्या माराची आठवण देऊन त्यांनी उत्तर दिले. समोर राहून जे बोलता आले नसते, ते सात समुद्रांपलीकडून लिहिता आले. परदेशाने त्यांना पदवीआधी दिलेली ही गोष्ट मला मोठी वाटते.

हळूहळू त्या रुळल्या. 10 ऑक्टोबर 1885 रोजी काढलेला एक फोटो आहे. जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची सबात इस्लांबुली तिच्या देशाच्या पेहरावात आणि आनंदीबाई पातळात. तिघी परदेशी, तिघी डॉक्टर होण्यासाठी आलेल्या. त्यांत पदवी पहिली मिळाली ती आनंदीबाईंना, 11 मार्च 1886 रोजी. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. आदल्या वर्षी अमेरिकेत येऊन पोचलेले गोपाळराव समारंभाला होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. ती त्यांना सांभाळता आली नाही. नोव्हेंबर 1886 मध्ये मुंबईला उतरल्या तेव्हा क्षयाने शरीर पोखरले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, मावशींच्या घराण्याच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाचा दगड आहे.