पोलिओग्रस्त बालकांची माता : फातिमा इस्माईल

आपल्या लेकरावर संकट कोसळले की प्रत्येक आई रडते, धावपळ करते, दुवा मागते. पण स्वतःचे मूल बरे होऊ लागल्यावर शेजारच्या मुलाकडे वळून पाहणारी आई विरळाच. मरहूम फातिमा इस्माईल या अशा विरळ मातांपैकी एक होत्या. आपल्या समाजातील मुलामुलींना त्यांचे चरित्र ठाऊक असावे, म्हणून हा अल्पसा परिचय.

फातिमाबाईंचा जन्म सन १९०३ मध्ये मुंबईच्या सोबानी घराण्यात झाला. कापसाच्या व्यापारातले हे सधन घराणे देशकार्यातही पुढे होते. त्यांचे बंधू उमर सोबानी हे महात्मा गांधींचे सहकारी होते. दि. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परदेशी कापडाची पहिली मोठी होळी झाली, ती परळला सोबानींच्याच एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. अशा वातावरणात वाढलेल्या फातिमाबाई महिलांच्या चळवळीत व ग्रामोद्योगाच्या कार्यात रमल्या.

पण त्यांच्या आयुष्याला खरे वळण लावले ते एका तापाने. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला.

पोलिओ हा हाडांचा रोग आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो मज्जासंस्थेवर घाव घालणारा संसर्गजन्य रोग आहे. त्याचा विषाणू दूषित पाणी, अन्न किंवा अस्वच्छ हात यांवाटे तोंडातून पोटात जातो व आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना काहीच जाणवत नाही. काहींना थोडा ताप येतो व जातो. परंतु सुमारे दोनशे बाधितांपैकी एकाच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत तो पोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. हुकूम थांबला की पाय लुळा पडतो. स्पर्श कळतो, बुद्धी शाबूत राहते, फक्त पाऊल उचलत नाही. श्वासाचे स्नायू निकामी झाल्यास जीवच जातो. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत करणारे औषध तेव्हा नव्हते व आजही नाही. मात्र ज्या पेशी वाचल्या आहेत त्यांच्याकडून व्यायाम, मालीश, आधाराच्या पट्ट्या व गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने पुष्कळ काम करून घेता येते.

हीच गोष्ट फातिमाबाईंनी ओळखली. मुलीला घेऊन त्या मद्रासला अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. महिनोन्‌महिने नेमाने व्यायाम करून घेतला. मुलगी हळूहळू पाय टाकू लागली. दुसरी एखादी आई इथेच थांबून अल्लाहचे शुक्र मानती. फातिमाबाईंनी शुक्र मानले, पण त्या थांबल्या नाहीत. ज्यांना मद्रास गाठण्याची ऐपत नाही, त्यांच्या मुलांनी कुठे जावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. तेव्हा मुंबईसारख्या शहरातही अशा मुलांसाठी वेगळी सोय नव्हती.

सन १९४७ हे देशाच्या स्वातंत्र्याचे वर्ष, तसेच फाळणीच्या रक्तपाताचेही. त्याच वर्षी सुप्रसिद्ध शल्यविशारद डॉ. बाळिगा यांच्या मदतीने फातिमाबाईंनी चौपाटीवर पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला आणि अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली. पुढे पाच-सहा वर्षांच्या आत हाजी अलीजवळ या कार्याला मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयाचे रूप आले. दाराशी आलेल्या मुलाची जात वा मजहब तेथे पाहिला जात नसे.

त्यांच्या कार्याचे मर्म असे की, पाय सरळ करणे एवढ्यावरच त्यांचे समाधान नव्हते. लुळ्या पायाच्या मुलाला शाळा मिळाली पाहिजे, मोठेपणी हाताला काम मिळाले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. अपंग मूल म्हणजे पूर्वकर्माची शिक्षा किंवा घराची लाज, असे समजून त्याला आतल्या खोलीत ठेवण्याचा तो काळ. अशा काळात त्यांनी त्या मुलांच्या हाती पाटी-पुस्तक दिले.

सन १९५८ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्या होत्या. सन १९८७ मध्ये त्या अल्लाहला प्याऱ्या झाल्या.

आमच्या न्हावा-शेवा, उरण भागातील माणसाला त्या काळी मुंबईस जायचे तर लाँचचाच मोठा आधार. मोऱ्याहून भाऊचा धक्का आणि तेथून पुढे हाजी अली. मूल कडेवर घेऊन असा प्रवास करणे आईबापांना किती जड जात असेल! सन २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि आता खाडी पार करायला अर्धा तासही लागत नाही. त्याहून मोठा पूल लसीने बांधला आहे. सन १९५५ मध्ये साल्क यांची टोचण्याची व नंतर सेबिन यांची तोंडाने देण्याची लस आली. १९९५ पासून आपल्याकडे पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. मध्यंतरी या थेंबांविषयी काही मुस्लिम वस्त्यांत अफवा पसरल्या व मुलांना त्याची किंमत मोजावी लागली; पुढे अनेक उलेमांनीच पुढाकार घेऊन लोकांची समजूत घातली. जानेवारी २०११ नंतर भारतात त्या रानटी विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला.

पण पालकहो, गाफील राहू नका. गोवरही मेंदूला सूज आणू शकतो, आणि क्वचित बऱ्या झालेल्या मुलाच्या मेंदूवर अनेक वर्षांनी उलटतो. सन २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवराने बालके दगावली, आणि लस न घेतलेल्या मुलांची संख्या तेथे मोठी होती. दवा करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. आपल्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. एखादी लस राहिली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी कुबडी घेऊन येत असेल, तर त्याचे दप्तर उचला, त्याला खेळात घ्या. फातिमाबाईंनी आयुष्यभर जे केले त्याची सुरुवात एवढ्या लहान गोष्टीनेही होऊ शकते. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. आमीन.