विश्लेषण : ‘ब्रह्मचारी’ पडद्यामागे कसा घडला? मास्टर विनायक यांनी मराठी विनोदी बोलपटाला काय दिले?

दादा कोंडके किंवा ‘अशी ही बनवाबनवी’च्या कितीतरी आधी मराठी बोलपट प्रेक्षकांना खळखळून हसवत होता. त्यामागचे एक मोठे नाव म्हणजे मास्टर विनायक.

कोण होते विनायक?
विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. चित्रपटात येण्यापूर्वी ते शिक्षक होते. ‘मास्टर’ ही ओळख त्यांना कायमची चिकटली. १९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी ‘हंस पिक्चर्स’ सुरू केली.

‘ब्रह्मचारी’त वेगळे काय होते?
विनायक यांचा भर लेखकावर असे. ‘छाया’साठी वि. स. खांडेकर, तर विनोदासाठी आचार्य अत्रे. अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ मध्ये आला. भाषण ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेणारा औदुंबर प्रेमात पडतो, ही त्याची गंमत. दिग्दर्शक आणि नायक विनायकच. मराठीबरोबर हिंदी आवृत्तीही निघाली. नवोदित नायिका मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. टीकेची झोड उठली आणि चित्रपटगृहांत गर्दीही झाली. अभिनेत्री नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती.

कौटुंबिक विनोद कधी आला?
‘हंस’नंतर ‘नवयुग’च्या ‘लग्न पहावे करून’मधून (१९४०) चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ते साकारले. दूरदर्शनवर ही जोडी लोकप्रिय झाली ती त्यानंतर जवळपास चार दशकांनी.

पडद्यामागची किंमत काय?
दहा वर्षांच्या आत ‘हंस’, ‘नवयुग’ आणि ‘प्रफुल्ल’ अशा तीन संस्थांतून विनायक यांना नव्याने मांडामांड करावी लागली. तरीही १९४२ मध्ये दीनानाथ मंगेशकर यांच्या निधनानंतर त्यांच्या पोरक्या कुटुंबाला त्यांनी आधार दिला. लहानग्या लता मंगेशकर यांना चित्रपटांत काम मिळाले.

अखेर कशी झाली?
स्वातंत्र्य मिळून चारच दिवस झाले असताना, १९ ऑगस्ट १९४७ रोजी विनायक यांचे निधन झाले. वय अवघे ४१. ‘मंदिर’ हा चित्रपट अपुरा राहिला होता. तो इतरांनी पूर्ण केला. त्यात बालकलाकार म्हणून दिसलेली त्यांची मुलगी पुढे नंदा या नावाने हिंदी पडद्यावर गाजली.